अकराव्या अंकात पडलेला फरक

गणितात संशोधनाला येणारी मुलं हमखास विचारतात, कोडिंग किती यायला हवं? मी सांगते: पायथन कामापुरतं, लाटेक (गणिताची सूत्रं आणि प्रबंध टंकायची प्रणाली) नीट, आणि संगणकाचं उत्तर खोदून बघायची सवय पक्की.

ती सवय मला एका इंटिग्रलने (वक्राखालचं क्षेत्रफळ मोजणारी बेरीज) लावली. साइन एक्स भागिले एक्स, शून्यापासून अनंतापर्यंत. उत्तर पाय (π) भागिले दोन, म्हणजे साधारण १.५७०८. त्यात एक्सच्या जागी एक्स/३ घातलेला तसाच अवयव गुणला, तरी उत्तर तेच. मग एक्स/५, एक्स/७ असं करत एक्स/१३ पर्यंत गेले, उत्तर जागचं हललं नाही. एक्स/१५ घेतल्यावरही स्क्रीनवर १.५७०७९६३२६८च. वहीत ‘नेहमी हेच’ असं लिहून मी पुढच्या कामाला लागले.

माझ्या मार्गदर्शकांनी वही पाहिली आणि एवढंच विचारलं, ‘का?’

मी अचूकता ३० अंकांपर्यंत वाढवून पुन्हा चालवलं. हवं होतं १.५७०७९६३२६७९…, आलं १.५७०७९६३२६७७…. फरक अकराव्या अंकात! कारण मात्र कागदावरच सापडलं. १/३ + १/५ + … + १/१३ ही बेरीज १ पेक्षा कमी, साधारण ०.९५५. त्यात १/१५ मिळवला की ती १ ओलांडते आणि तिथेच नियम मोडतो. डेव्हिड आणि जोनाथन बोरवाइन या गणितज्ञांनी २००१ साली हे इंटिग्रल मांडले होते, हे मला नंतर कळलं.

लाटेकबद्दल एकच सांगते: प्रत्येक चिन्हासाठी पहिल्या दिवशीच मॅक्रो (स्वतः नाव दिलेली छोटी आज्ञा) करा. प्रबंधाच्या शेवटी चिन्ह बदलावं लागतंच, तेव्हा एका ओळीत काम होतं.

लीनसारखी सिद्धता तपासणारी भाषा शिकाल तेव्हा घाई करू नका. तिथे नैसर्गिक संख्यांमध्ये २ − ३ म्हणजे ०. त्यामुळे ‘अ − ब + ब = अ’ हे साधं वाक्यसुद्धा अडतं; ब हा अ पेक्षा मोठा नाही, हे आधी लिहून द्यावं लागतं. अशा किती अटी मी वर्षानुवर्षं मनातच धरून चालले होते, ते तेव्हा दिसलं. मला ही भाषा मनापासून आवडते ती यासाठी.

सुरुवात करायला वरचाच इंटिग्रल घ्या. एक्स/१७ चा अवयव जोडण्याआधी फरक वाढेल की घटेल, ते वहीत लिहा. मग कोड चालवा.