जुनी २०७, पार्टची शोधाशोध आणि उद्यमनगरच्या फेऱ्या

माझ्याकडं २००४ सालची टाटा २०७ डीआय आहे, मालाचा पिकअप टेम्पो. आजऱ्याकडं भाजी भरायची, रात्री आंबोली घाट उतरायचा आणि पहाटे सावंतवाडीत, कधी पुढं म्हापशात खाली करायची, हा तिचा धंदा. घरातली पोरं तिला म्हातारी म्हणतात. म्हातारी चालते बरी, पण काही तुटलं की दुकानाच्या काउंटरवर उत्तर ठरलेलं असतं, "२०७ चं? बंद झालं ते."

पहिली काही वर्षं मी हे खरं मानून परत यायचो. आता येत नाही. बरेचदा पार्ट बंद झालेला नसतो, आपण त्याला त्याच्या नावानं हाक मारलेली नसते. "२०७ चा द्या" हे अर्धंच नाव झालं. गाडीतलं निम्मं सामान दुसऱ्याच गाड्यांच्या कुळातलं असतं आणि उरलेल्यातलं बरंचसं नुसत्या मापाचं. कुठलं काय ते कळलं की शोध सोपा होतो.

इंजिनापासून सुरू करा. २०७ ची आधीची पिढी म्हणजे टाटामोबाईल पिकअप. ती १९८८ मध्ये आली तेव्हा तिच्यात ४८३ इंजिन होतं, १९४८ सीसीचं. तेच पुढं सिएरात गेलं आणि १९९४ च्या सुमोतही. डीआय गाड्यांत ४९७ आलं, २९५६ सीसीचं, म्हणजे टाटाच्याच ४०७ ट्रकच्या घरातलं. आकड्याचा अर्थ साधा आहे. पहिला चार म्हणजे चार सिलिंडर, पुढचे दोन म्हणजे बोअर, सिलिंडरचा आतला व्यास, मिलिमीटरमध्ये. ४८३ चा बोअर ८३, ४९७ चा ९७. पाटीवरचा नंबर पुसला असेल तर वरून ओळखायची एक खूण म्हणजे हीटर प्लग. जुन्या ४८३ ला ते असतात.

त्यामुळं माझ्या गाडीचं हेड गॅस्केट किंवा रिंगा मागताना मी २०७ म्हणतच नाही. "४०७ चं साधं ४९७, टर्बो नसलेलं" असं सांगतो. 'टर्बो नसलेलं' हे विसरू नका. ४०७ ला पुढं टर्बोवालं इंजिन बसलं, त्यानंतर कॉमन रेल आलं, आणि काउंटरवरचा पोरगा हाताला येईल ते खोकं काढून देतो. दुसरं असं की कूळ एक असलं तरी इंजिनाच्या बाहेर लटकणारं सामान, म्हणजे माउंटिंग, पाइप, ब्रॅकेट, हे गाडीगणिक बदलतं. आतलं बहुतेक जुळतं, बाहेरचं ताडून घ्यावं लागतं.

आरसी, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. कंपनीच्या अधिकृत पार्ट्सच्या दुकानात चेसिस नंबर दिला की संगणकावर गाडीची चित्रं उघडतात आणि प्रत्येक तुकड्याचा पार्ट नंबर दिसतो. तो वहीत उतरवून घ्या. माल तिथं नसला तरी हा नंबर घेऊन कोल्हापूर, पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउस, अगदी दिल्लीच्या काश्मिरी गेटपर्यंत फोनवर विचारता येतं. कधी कधी जुना नंबर बंद होऊन त्याच तुकड्याला नवा नंबर मिळालेला असतो. दुकानदार जुना टाइप करतो, "नो स्टॉक" म्हणतो आणि मोकळा होतो. "शेठ, ह्याच्या जागी नवा नंबर आलाय का बघा की," एवढं म्हणायला काही पैसे पडत नाहीत.

ही अक्कल मला एका सीलनं शिकवली. मागच्या उजव्या चाकातनं ऑइल गळायला लागलं होतं. हबचा सील, म्हणजे चाकाकडं येणारं ऑइल अडवणारी रबरी कडी, गेला की ऑइल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं, ब्रेकचे लायनर भिजतात आणि घाटात ब्रेक एका अंगाला ओढतो. तीन दुकानं फिरलो, तिन्हीकडं नाही. चौथं दुकान गाड्यांचं नव्हतंच, बेअरिंग आणि सील विकणाऱ्याचं होतं. म्हाताऱ्या मालकांनी माझ्या हातातला जुना, काळाकुट्ट सील घेतला, डिझेलच्या फडक्यानं पुसला, कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि तो उजेडाकडं तिरका धरला. रबरावर बारीक उठावाचे तीन आकडे होते. मला तोवर ते दिसलेच नव्हते.

"पाव्हणं, सील गाडीचा नसतोय, मापाचा असतोय," म्हणाले आणि मागच्या फळीवरून नवा काढून दिला.

तेव्हापासून जुना तुकडा हातात नसेल तर मी दुकानाची पायरी चढत नाही. सीलवरचे तीन आकडे म्हणजे आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. समजा ४५-६२-१० लिहिलंय, तर ४५ मिलिमीटरच्या शाफ्टवर, ६२ च्या भोकात, १० जाडीचा. तो कुठल्या गाडीचा हे विकणाऱ्याला ठाऊक असायची गरज नाही. आकडे झिजले असतील तर व्हर्नियरनं माप घ्या, पण सीलचं नको, शाफ्टचं आणि भोकाचं घ्या. जुनं रबर फुगलेलं असतं.

बॉल बेअरिंगचंही तसंच. कडेवर ६२०५ किंवा ६३०५ असा नंबर असतो. शेवटच्या दोन आकड्यांना पाचानं गुणलं की आतला व्यास मिळतो, ०४ पासून पुढं हा हिशेब चालतो. म्हणजे हे दोन्ही २५ च्या शाफ्टवर बसतात. पण ६२०५ बाहेरून ५२ चा आणि ६३०५ हा ६२ चा, म्हणून नुसतं आतलं माप सांगून भागत नाही. अल्टरनेटरमध्ये असली बेअरिंगं असतात आणि ती नामांकित कंपनीची मिळतात. गाडीच्या नावाच्या खोक्यातलं कोण जाणे कुठलं घ्यायचं कशाला? पंख्याच्या बेल्टवरही माप छापलेलं असतं. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असतं, ती त्याची ताकद. १०.९ काढला तिथं ८.८ घालू नका, भले तो तसाच दिसो.

आट्यांचं एक सांगतो. टाटाच्या गाड्या डाइमलर-बेंझच्या वळणावर मिलिमीटरमध्ये वाढल्या, १९५४ चा करार होता तो. महिंद्राची जुनी जीप विलीजच्या घरातली, म्हणून तिला सुताचे पाने आणि इंचाच्या आट्या. आमच्या गावात दोन्ही आहेत आणि एकाच डब्यात दोघींचे नटबोल्ट टाकायची आमच्या भावाला सवय आहे. दोन-तीन आटे हातानं जातात, मग जड होतं, मग माणूस पाना लावतो आणि आट्या खाऊन टाकतो. बोल्ट शेवटपर्यंत बोटानं फिरला पाहिजे. नाही फिरला तर थांबा.

आता सील घालायची रीत, कारण निम्मे सील घालतानाच मरतात. चाक उचलायच्या आधी पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. जॅकवर विसंबून खाली हात घालू नका, एक्सलखाली घोडी लावा. जुना सील काढताना स्क्रूड्रायव्हरनं भोकाची भिंत ओरबाडली तर नवा सील तिथूनच गळणार. सीलची बारीक स्प्रिंग दिसणारी बाजू ऑइलकडं, आत. ओठाला, म्हणजे शाफ्टवर घासणाऱ्या आतल्या रबरी कडेला, बोटानं ऑइल लावा. शाफ्टला आट्या किंवा खाचा असतील तर त्यावर सेलोटेप गुंडाळा, नाहीतर ओठ कापतो. मग सीलच्या बाहेरच्या कडेवर बसेल असा पाइपचा तुकडा ठेवून चहूबाजूंनी हलके ठोके. हातोडी थेट मारायची नाही.

शाफ्टवर सील घासून चर पडलाय का, हे नखानं बघा. नख अडकलं तर नवा सीलसुद्धा महिनाभर टिकणार नाही. जागा असेल तर सील दोन मिलिमीटर पुढं-मागं बसवा म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येतो, नाहीतर लेथवाल्याकडून पातळ स्लीव्ह चढवून घ्या.

एवढं सगळं करूनही माझा तोच सील वर्षात तीनदा गेला. गॅरेजमध्ये दर वेळी नवा सील घालायचे आणि मजुरी घ्यायचे, का जातोय हे कुणी विचारलं नाही. मी एकदा गाडीखाली आडवा पडलो आणि डिफ्रनच्या, म्हणजे मागच्या एक्सलमधल्या डिफरन्शियलच्या, वरचा छोटा ब्रीदर, आतली हवा सोडायची वाट, बघितला. शेतातल्या चिखलानं तो सिमेंट लावल्यासारखा बुजलेला होता. गाडी पळते, आतलं ऑइल तापतं, हवा फुगते, तिला वर वाट नाही म्हटल्यावर ती सीलमधून ऑइल ढकलते. तारेनं टोकरून डिझेलनं धुतला. त्यानंतर सील गेला नाही. भिजलेल्या लायनरचं मात्र काही होत नाही, पेट्रोलनं धुतलं, जाळलं तरी आत मुरलेलं ऑइल गरम झालं की परत वर येतं. ते बदलायचे, आणि दोन्ही चाकांचे.

लेथवाल्याकडं काय न्यायचं आणि काय नाही, यावर थोडं बोलतो. आम्हाला कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर जवळ आहे हे आमचं भाग्य. शेतीचे पंप आणि इंजिनं करता करता हात बसलेली माणसं आहेत तिथं. स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश आणि पिना, झिजलेल्या शाफ्टला स्लीव्ह, ड्रमचं टर्निंग, फ्लायव्हीलचा फेस, बोअर, क्रँकचं ग्राइंडिंग, सगळं होतं. क्रँक ०.२५ मिलिमीटरनं कमी केला की बेअरिंग ०.२५ चंच घ्यायचं, म्हणून आधी ग्राइंडिंग, माप लिहून घ्यायचं आणि मग खरेदी. उलटं केलं की परतीची फेरी ठरलेली. ड्रमवर जास्तीत जास्त किती व्यास चालतो ते बहुधा कोरलेलं असतं, त्यापुढं गेलेला ड्रम भंगारात. टाय रॉड एंड, चाकाचे बोल्ट आणि ब्रेकचं हायड्रॉलिक सामान मात्र कुणी कितीही हुशार असला तरी त्याच्याकडून करून घेऊ नका. ते नवं आणि चांगल्या खोक्यातलं घ्या. त्यात वाचवलेले पैसे मला आंबोलीच्या वळणावर आठवायचे नाहीत.

मागचे पाटेही मापाचेच. रुंदी, जाडी, लांबी आणि सेंटर बोल्टचं भोक सांगितलं की पाटेवाला काढून देतो. एक तुटला असेल तर दुसऱ्या बाजूचाही संच उतरवून शेजारी ठेवून बघा, नाहीतर गाडी एका खांद्यावर चालते. यू बोल्ट नवेच घाला आणि दोन भरलेल्या खेपांनंतर परत आवळा. हे दुसरं आवळणं सगळे विसरतात.

भंगारातून काय घ्यावं? दार, काच, बंपर, डॅशबोर्ड, लाइटचं घर, हौद्याची फळी. रबर, सील, क्लच प्लेट, ब्रेक हे नाही. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मुंबईला कुर्ल्यात गाड्या तोडणारे आहेत, आणि आपल्या तालुक्याच्या भंगारवाल्याला नंबर देऊन ठेवलेला बरा. "२०७ तोडायला आली की फोन कर" म्हणून चहा पाजून यायचं. गाडी कुठली होती ते मात्र विचारा. तळकोकणात किंवा गोव्यात किनाऱ्यावर राहिलेल्या गाडीचा पत्रा वरून रंगवलेला आणि आतून पापडासारखा असतो. दाराच्या खालच्या कडेवर स्क्रूड्रायव्हरची मूठ वाजवा. खणखणीत वाजलं तर घ्या, भद्द वाजलं तर ठेवून द्या.

पूर्ण इंजिन सेकंडमध्ये घेणार असाल तर बिल आणि त्या गाडीची कागदं घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. इंजिन नंबर बदलला की आरटीओकडून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. जुन्या मालगाडीला दरवर्षी फिटनेसला उभं राहावं लागतं, तिथं नंबर जुळला नाही की खेप राहते बाजूला आणि तुम्ही रांगेत.

पण इंजिन बदलायचा विचार येण्याआधी जरा थांबा. काळा धूर दिसला की "इंजिन गेलं" म्हणणारे पुष्कळ भेटतात. आधी एअर फिल्टर बघा, मग नोझल पंपवाल्याकडून तपासून घ्या. निळा धूर आणि ऑइलची झाकणी उघडली की भसाभसा वाफ, तर रिंगांकडं वळा. पाणी कमी होतंय, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतायत, ऑइल ताकासारखं झालंय, तर हेड खोलावं लागणार. खोललं की हेडचा फेस सपाट आहे का ते पट्टी लावून तपासा, मगच गॅस्केट बसवा.

माझ्या सीटखाली एक डबा असतो. त्यात फॅन बेल्ट, डिझेल फिल्टर, तांब्याचे वायसर, होज क्लिपा, एक हब सील, फ्यूज आणि वायरचा तुकडा. ब्रीदर टोकरायची तारही त्यातच.

आणि हो, एवढं सगळं सांगितलं तरी डाव्या दाराची काच फिरवायचा दांडा मला अजून मिळालेला नाही. त्यावर नंबरही नाही आणि मापही. क्लीनर पकडीनं काच वरखाली करतो. कुणाच्या दारात २०७ तुटायला आली असेल तर दांड्यासाठी कळवा, पकड मला दुसऱ्या कामाला लागते.