ॲडव्हायजिंगच्या कॉन्फरन्सला सेशन द्यायचंय? सुरुवात प्रपोजलपासून करूया

अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये अकॅडेमिक ॲडव्हायजर, म्हणजे विद्यार्थ्यांना कोर्स आणि विषय निवडायला मदत करणारे, म्हणून काम करणारे आपले मराठी लोक आहेत, कॉन्फरन्सला जातातही, पण सेशन द्यायचं म्हटलं की "माझ्याकडे काय आहे सांगण्यासारखं, मी काही पीएचडी नाही" असं म्हणून मागे सरतात. मला हे अजिबात पटत नाही. ज्याच्या टेबलासमोर रोज घाबरलेली, गोंधळलेली, मेजर (मुख्य विषय) बदलू का म्हणून विचारणारी पोरं येऊन बसतात त्याच्याकडेच खरं तर सांगण्यासारखं असतं, फक्त ते मांडायचं कसं हे कुणी नीट सांगत नाही. म्हणून हे लिहितोय.

आपल्या क्षेत्रातली मोठी संस्था म्हणजे नाकाडा. १९७७ ला व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टनला पहिली राष्ट्रीय कॉन्फरन्स झाली, १९७९ ला संस्था रीतसर उभी राहिली, ऑफिस कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत. वार्षिक कॉन्फरन्स फॉलमध्ये असते आणि शिवाय दहा रीजन (भौगोलिक विभाग) आहेत त्यांच्या वेगळ्या कॉन्फरन्स होतात. पहिल्यांदा देणार असाल तर रीजनपासूनच सुरू करा, गर्दी कमी, प्रवास जवळचा, आणि समोर बसलेले लोक शेजारच्याच राज्यातले म्हणजे त्यांचे प्रश्नही तुमच्यासारखेच. एक लक्षात ठेवा, प्रपोजल, म्हणजे सेशनमध्ये काय सांगणार याचा लेखी अर्ज, खूप आधी मागतात, फॉलच्या कॉन्फरन्ससाठी हिवाळ्यातच तयारी हवी, उन्हाळ्यात जाग आली तर ते वर्ष गेलं.

आता विषय. इथेच सगळ्यात जास्त प्रपोजल नाकारली जातात असं माझं मत आहे, कारण लोक आपल्या ऑफिसने काय काय केलं याची यादी देतात. ऐकणाऱ्याला तुमच्या ऑफिसचं कौतुक नको असतं, त्याला सोमवारी परत गेल्यावर काय करता येईल ते हवं असतं. त्यामुळे आधी तीन वाक्यं लिहून काढा: काय अडत होतं, आपण नेमकं काय बदललं, त्यानंतर काय दिसलं. तिसरं वाक्य लिहिता येत नसेल तर आयडिया अजून कच्ची आहे, एक सेमेस्टर थांबा.

उदाहरण देतो. समजा तुमच्याकडे प्रोबेशनवर, म्हणजे जीपीए (सरासरी ग्रेड) कमी पडल्यामुळे देखरेखीखाली, गेलेल्या विद्यार्थ्यांना जी मेल जाते तिची पहिली ओळ आहे "तुमचा जीपीए २.० च्या खाली गेल्यामुळे तुम्हाला प्रोबेशनवर ठेवण्यात आले आहे", मग चार परिच्छेद नियम, आणि अपॉइंटमेंटची लिंक एकदम तळाला. पोरं तिथवर पोचतच नाहीत. तुम्ही ती बदलून पहिली ओळ केली "हा सेमेस्टर जड गेलेला दिसतोय, पुढचं आपण दोघं बसून ठरवू", दुसऱ्याच ओळीत लिंक, नियम खाली. आणि मग किती जण भेटायला आले ते मोजलं. बास, हे पूर्ण सेशन आहे! दोन्ही मेल स्क्रीनवर शेजारी शेजारी ठेवा, लोकांना आपापल्या कॉलेजची मेल फोनवर उघडायला सांगा आणि तिथेच पहिल्या दोन ओळी पुन्हा लिहायला लावा.

टायटलही असंच साधं ठेवा. "विद्यार्थी यशासाठी सर्वांगीण दृष्टिकोन" छाप टायटल वाचून कुणालाच कळत नाही आत काय आहे. "प्रोबेशनची मेल विद्यार्थी का वाचत नाहीत: पहिल्या दोन ओळी बदलून बघा" असं असेल तर प्रोग्रॅम चाळणारा माणूस थांबतो.

अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे प्रपोजलमधल्या सेशनच्या गोषवाऱ्यात, कॉलेजचं नाव बहुतेक ठिकाणी टाकायचं नसतं, रिव्ह्यू नाव न कळता होतो, तेव्हा "मध्यम आकाराची सरकारी युनिव्हर्सिटी, एका ॲडव्हायजरकडे साधारण ३०० विद्यार्थी" असं लिहा, त्याने वाचणाऱ्याला अंदाजही येतो की हे आपल्याकडे चालेल की नाही. शेवटी लोक काय घेऊन जातील ते दोन-तीन ओळीत, आणि तिथे "समजेल, जाणीव होईल" नको, "लिहितील, तपासतील, ठरवतील" अशी क्रियापदं वापरा.

थिअरीची भीती बाळगू नका पण ती नुसती चिकटवूही नका. १९७२ मध्ये क्रुकस्टन या अभ्यासकाने ॲडव्हायजिंगचे दोन प्रकार मांडले होते, एक ज्यात ॲडव्हायजर सांगतो आणि विद्यार्थी ऐकतो, दुसरा ज्यात दोघं मिळून ठरवतात. वरच्या दोन मेल बघा, जुनी पहिल्या प्रकारातली, नवी दुसऱ्या. एवढा एक धागा जोडला की रिव्ह्यूअरला कळतं हा माणूस विचार करून बोलतोय. नाकाडाने २०१७ ला कोअर कॉम्पिटन्सी (ॲडव्हायजरला काय काय यायला हवं याची यादी) काढल्या त्यात संकल्पना, माहिती आणि नातं असे तीन भाग आहेत, आपलं सेशन त्यातल्या कुठल्या भागात बसतं ते एका ओळीत सांगितलं तरी पुरे.

डेटाबद्दल मात्र कडक राहा. फेर्पा हा विद्यार्थ्यांची माहिती गुप्त ठेवण्याचा कायदा १९७४ पासून आहे, आणि डिग्री ऑडिटचा (डिग्रीसाठी काय पूर्ण झालं, काय राहिलं त्या तक्त्याचा) स्क्रीनशॉट घाईत टाकला की कोपऱ्यात विद्यार्थ्याचा आयडी राहून जातो, म्हणून खरा स्क्रीनशॉट घेऊच नका, खोटा विद्यार्थी बनवा. नाव काढलं तरी "गावातून आलेली, दोन मुलांची आई, नर्सिंगला असलेली" एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. आपल्या विद्यार्थ्यांचे आकडे बाहेर दाखवणार असाल तर आयआरबीला (माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या कॉलेजच्या समितीला) आधी एक मेल टाकून विचारा, परवानगी लागो न लागो, उत्तर लेखी असलेलं बरं. आणि १२ पैकी ९ आले असतील तर १२ पैकी ९ म्हणा, ७५ टक्के म्हणू नका, लोक आकड्यापेक्षा प्रामाणिकपणा जास्त ओळखतात.

प्रत्यक्ष बोलताना एक आपली खास सवय सोडायला लागते, आधी सगळ्यांचे आभार, मग स्वतःची ओळख, मग युनिव्हर्सिटीचा इतिहास, यात दहा मिनिटं जातात. नाव सांगा आणि थेट ती जुनी मेल वाचून दाखवा. आपण इंग्रजी फास्ट बोलतो, तेव्हा स्लाइड बदलली की एक श्वास थांबा. ॲक्सेंटबद्दल माफी मागू नका, गरजच नाही. घरी घड्याळ लावून मोठ्याने दोनदा बोलून बघा, मनातल्या मनात वाचलं तर वेळेचा अंदाज हमखास चुकतो. स्लाइडवरचा फॉण्ट मोठा, आणि माइक असेल तर वापराच, "माझा आवाज पोचतोय ना" विचारून माइक बाजूला ठेवला की ज्याला कमी ऐकू येतं तो काही हात वर करत नाही.

प्रश्नोत्तरात एक प्रश्न ठरलेला असतो, "आमच्याकडे फक्त दोनच ॲडव्हायजर आहेत, हे कसं जमणार?" याचं उत्तर आधीच तयार ठेवा, म्हणजे या कामाची सगळ्यात छोटी आवृत्ती काय, जी एका दुपारी करता येईल. हँडआउट एक पानाचं, क्यूआर कोड पहिल्या स्लाइडवर, शेवटच्या नाही, कारण शेवटी लोक पुढच्या सेशनला पळतात.

पैशांचं आधीच बोलून घ्या. सेशन दिलं म्हणून रजिस्ट्रेशन फुकट होत नाही, प्रेझेंटरलाही भरावं लागतं. प्रपोजल पाठवायच्या आधी सुपरवायझरला विचारा, आणि ॲक्सेप्टन्सची मेल आली की ती जोडून ट्रॅव्हल फंड मागा, नुसतं "जायचंय" म्हणण्यापेक्षा ती मेल जास्त काम करते. एकट्याने जड वाटत असेल तर दुसऱ्या कॉलेजमधला को-प्रेझेंटर घ्या, तीच मेल कम्युनिटी कॉलेजमध्ये कशी चालली हे त्याने सांगितलं तर सेशन दुप्पट उपयोगी होतं.

प्रपोजल नाही घेतलं तर रिव्ह्यूअरने काही लिहिलंय का बघा, असेल तर ते वाचून पुन्हा लिहा आणि तेच प्रपोजल रीजनला नाहीतर पोस्टरसाठी पाठवा. पोस्टरला लोक कमी लेखतात, पण तिथे एकेक माणूस उभा राहून तुमच्याशी बोलतो, त्याची मेल कशी आहे ते सांगतो, आणि त्यातूनच पुढच्या वर्षीचा को-प्रेझेंटर मिळू शकतो.