नवी डिस्क बसवली, तरी नॅस ‘डिग्रेडेड’च दाखवतोय?

घरच्या नॅसमधली, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या अनेक डिस्कच्या साठवण-यंत्रातली, एक हार्ड डिस्क गेली. तुम्ही नवी आणून बसवली, पण यंत्राला ती दिसेना, किंवा रिबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभारणं) सुरू होऊन मध्येच बंद पडलं. ‘डिग्रेडेड’, म्हणजे एक डिस्क कमी आहे, हा इशारा तसाच राहिला. अशा वेळी हात आपोआप रीसेटकडे जातो. तो आवरा. डेटा बहुधा अजून जागेवर आहे. घाईत दाबलेल्या एखाद्या बटणाने तो कायमचा जाऊ शकतो.

१. सगळ्यात आधी कॉपी

रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून डेटा जपण्याची पद्धत. त्यातल्या रेड १ च्या जोडीत किंवा रेड ५ मध्ये एकच डिस्क गेलेली चालते. म्हणजे आता तुमच्याकडे राखीव काही उरलेलं नाही. फोल्डर उघडत असतील तर फोटो, कागदपत्रं, जे पुन्हा मिळणार नाही ते आधी बाहेरच्या यूएसबी डिस्कवर काढा. रिबिल्डच्या वेळी उरलेल्या जुन्या डिस्क बहुतेक यंत्रांत पहिल्या सेक्टरपासून (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यापासून) शेवटच्यापर्यंत वाचल्या जातात. त्या थकलेल्या असतील तर नेमक्या तेव्हाच मान टाकतात. म्हणून कॉपीच्या आधी रिबिल्डचा दुसरा प्रयत्न करू नका, हे माझं आग्रहाचं सांगणं आहे.

२. काढली ती डिस्क नक्की तीच होती ना?

काही यंत्रं खणांची मोजणी शून्यापासून करतात, त्यामुळे स्क्रीनवरची ‘डिस्क २’ म्हणजे तिसरा खण असू शकतो. खणावर विसंबू नका. स्क्रीनवरचा सीरियल नंबर आणि डिस्कच्या लेबलवरचा नंबर जुळवा. चुकून चांगली डिस्क निघाली असेल तर यंत्र बंद करून ती त्याच खणात परत लावा. नंतर यंत्राने नवा व्हॉल्यूम बनवायचा किंवा डिस्क इनिशियलाइज (पुसून नव्याने तयार) करायची का, असं विचारलं तर ‘नाही’ म्हणा. तुम्हाला हवा असलेला पर्याय ‘रिपेअर’ किंवा ‘रिबिल्ड’ या नावाचा असतो.

३. नवी डिस्क दिसतच नाही

ट्रे पूर्ण आत गेला आहे का ते बघा. मग डिस्क संगणकाला जोडून फिरते का ते तपासा, आणि संगणकाने फॉरमॅट करायचं का विचारलं तर फक्त नव्या डिस्कसाठीच हो म्हणा. तिथे चालली तर संशय खणाच्या कनेक्टरवर किंवा अशक्त झालेल्या अडॅप्टरवर. जुन्या डिस्क मात्र चाचणीसाठी खणांमध्ये फिरवू नका.

डिस्क बाहेरच्या यूएसबी खोक्यातून काढलेली असेल तर एक वेगळीच अडचण येते. सॅटा म्हणजे डिस्क जोडण्याची प्रचलित पद्धत. तिच्या नव्या मानकात पॉवर कनेक्टरची तिसरी पिन डिस्क बंद ठेवण्यासाठी वापरतात. जुनं यंत्र त्याच पिनवर ३.३ व्होल्ट देत राहिलं तर धडधाकट डिस्कसुद्धा फिरत नाही.

४. दिसते, पण यंत्र घेत नाही

नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी. दोन्हींवर ४ टीबी छापलेलं असलं तरी सेक्टरची संख्या थोडी कमी निघाली, की नकार येतो. डिस्क आधी दुसऱ्या नॅसमध्ये वापरलेली असेल तर तिच्यावरच्या जुन्या रेडच्या खुणा संगणकावर पुसून घ्या. यंत्राच्या निर्मात्याची सुसंगत डिस्कची यादी खरेदीपूर्वी बघितली तर यातलं बरंच टळतं.

५. रिबिल्ड मध्येच थांबतं

इथे सगळे नव्या डिस्कला दोष देतात. मी आधी जुन्यांकडे बघतो. प्रत्येक डिस्कचा स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) उघडा आणि क्रमांक ५, १९७, १९८ आणि १९९ यांचे ‘रॉ’ आकडे वाचा. ५ म्हणजे खराब झाल्याने बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे लटकलेले, १९८ म्हणजे दुरुस्त न झालेले. जुन्या डिस्कवर १९७ शून्याच्या वर असेल तर रिबिल्ड बहुधा तिथेच अडतंय. मग यंत्र बंद करा, ती डिस्क लिनक्स संगणकाला जोडा आणि डीडीरेस्क्यू या खराब डिस्कची प्रत काढणाऱ्या प्रोग्रामने तिची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. मूळ डिस्कऐवजी ती प्रत बसवून रिबिल्ड करा. स्रोत कोणता आणि लक्ष्य कोणतं, हे कमांड देण्यापूर्वी दोनदा वाचा. डिस्क टकटक आवाज करत असेल तर हेही नको, सरळ डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.

१९९ चा आकडा वाढत असेल तर डिस्क नव्हे, केबल किंवा कनेक्टर बघा. हा आकडा कधी कमी होत नाही, म्हणून आजचा लिहून ठेवा आणि उद्या ताडून पाहा.

जुन्या डिस्क स्वच्छ निघाल्या तर नवीचा प्रकार तपासा. एसएमआर डिस्कवर डेटाचे पट्टे एकमेकांवर चढलेले असतात (सीएमआरमध्ये ते वेगवेगळे असतात), सलग लिखाणात ती रेंगाळते आणि काही यंत्रं तिला ‘मेली’ समजून बाहेर काढतात. २०२० मध्ये नॅससाठी म्हणून विकल्या गेलेल्या काही डिस्क न सांगता एसएमआर असल्याचं उघड झालं होतं. त्यामुळे खोक्यावरच्या ‘नॅस’ शब्दावर न जाता मॉडेल क्रमांकावरून सीएमआर असल्याची खात्री करा.

६. पुन्हा प्रयत्न

नव्या डिस्कची स्मार्टची विस्तारित चाचणी आधी पूर्ण होऊ द्या, मगच रिबिल्ड सुरू करा. ४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी वेगाने भरली तरी साडेसात तासांच्या आसपास लागतात. प्रत्यक्षात जास्तच. तेवढा वेळ नॅसवर दुसरं काम नको, आणि यूपीएस असेल तर लावा. रिबिल्ड पार पडलं की एकदा स्क्रबिंग (सगळा डेटा वाचून तपासणं) चालवा, आणि प्रत्येक ट्रेवर त्यातल्या डिस्कचा सीरियल नंबर चिकटवून टाका.