पियानोला धक्का न लावता स्ट्रिंग्ज पायाने उचला

भावगीतांच्या साथीत कीबोर्डवर पियानो आणि स्ट्रिंग्ज (व्हायोलिनसारख्या तंतुवाद्यांच्या समूहाचा आवाज) एकावर एक लावून वाजवताना दोन्ही हात पट्ट्यांवर गुंतलेले असतात, आणि मुखड्यापासूनच स्ट्रिंग्ज पूर्ण आवाजात राहिल्या तर गायकाचे शब्द झाकले जातात. त्यावर उपाय म्हणून एक्सप्रेशन पेडल, म्हणजे पायाने आवाज कमी-जास्त करणारे पेडल, केवळ स्ट्रिंग्जच्या थराला जोडावे.

१. कीबोर्डच्या पार्ट किंवा झोन (प्रत्येक थराच्या स्वतंत्र) सेटिंगमध्ये पियानोसाठी एक्सप्रेशन, म्हणजे मिडी (वाद्यांना सूचना देणारी डिजिटल भाषा) कंट्रोलर क्रमांक ११, बंद करावा आणि स्ट्रिंग्जसाठी चालू ठेवावा.

२. स्ट्रिंग्जसाठी सस्टेन (पट्टी सोडल्यावरही सूर चालू ठेवणारे पेडल), म्हणजे मिडी कंट्रोलर क्रमांक ६४, बंद करावा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, पण माझ्या मते खरी सफाई हिच्यातच आहे. कारण सस्टेन दाबून कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) बदलली की आधीच्या कॉर्डमधील स्ट्रिंग्ज पुढच्या कॉर्डमध्ये मिसळतात आणि सगळे वादन गढूळ होते. स्ट्रिंग्जचे सूर मग बोटांनीच धरून ठेवावे लागतात, ही सवय दोन-तीन बैठकांत जमते.

३. बदल सेव्ह करावा, अन्यथा कीबोर्ड बंद होताच तो पुसला जातो.

उजवा पाय सस्टेनवर आणि डावा एक्सप्रेशनवर ठेवावा. मुखड्याला टाच पूर्ण खाली असावी आणि अंतऱ्याची ओळ वर चढू लागली की पंजा हळूहळू, साधारण दोन मात्रांत, दाबत न्यावा. झटका दिल्यास आवाज एकदम अंगावर येतो.

पेडल विकत घेण्यापूर्वी ते आपल्या कीबोर्डला चालते का, हे मॅन्युअलमध्ये पाहावे, कारण एक्सप्रेशन पेडलची अंतर्गत जोडणी सर्व कंपन्यांची सारखी नसते.