पंप खोलायची घाई नको

शिडाच्या बोटीवर नळ उघडला आणि पाणी आलं नाही, की नवशिक्याचा हात आधी स्क्रूड्रायव्हरकडे जातो. तो मल्टिमीटरकडे जायला हवा. १२ व्होल्टचा डायफ्राम पंप (रबरी पडद्याने पाणी ढकलणारा), त्याच्यावरच बसवलेला, दाब बघून पंप चालू-बंद करणारा प्रेशर स्विच, पंपाच्या अलीकडे गाळणी, पलीकडे असलाच तर दाब साठवणारा हवेचा डबा, म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटर, ही मांडणी तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. टाकीत पाणी आहे, टाकीचा व्हॉल्व्ह उघडा आहे आणि पॅनेलवरचा ब्रेकर वर आहे, एवढं बघूनच पुढे वाचा. हसू नका, बंद व्हॉल्व्हपायी चांगले पंप खोलले जातात.

पहिला प्रश्न एकच: मोटर फिरते का?

फिरत नसेल तर फ्यूज बघा, आणि तो काढून बघा. काचेतून धड दिसणारा फ्यूज टोकाला गंजलेला असू शकतो. मग प्रेशर स्विचच्या दोन टर्मिनलना तुकडा वायरने थेट जोडा. मोटर फिरली तर दोष स्विचमध्ये आहे, आणि बऱ्याच पंपांचा स्विच सुटा मिळतो. पण हे करताना नळ उघडाच ठेवा आणि काही सेकंदांतच वायर काढा. स्विच वगळला की पंपाला थांबवणारं कोणी नसतं. नळ बंद असेल तर दाब चढत जाऊन कुठला तरी जोड सुटेल. आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या पंपांवर, म्हणजे जे नळ कमी-जास्त उघडला की वेग बदलतात, त्यांच्यावर ही युक्ती अजिबात वापरू नका.

आता मल्टिमीटरचा सापळा. इथे वेळ घालवा, बाकीचं धावत वाचलं तरी चालेल.

तुम्ही पंपाच्या वायर सोडता, मल्टिमीटर लावता, आकडा दिसतो १२.६. बॅटरी भरलेली, वीज पोचतेय, म्हणजे पंप मेला, असा निष्कर्ष निघतो. नवा पंप येतो, बसवला जातो, आणि तोही तसाच रडत फिरतो. मल्टिमीटरने खोटं सांगितलेलं नसतं, आपण प्रश्न चुकीचा विचारलेला असतो. साधारण डिजिटल मल्टिमीटरचा अंतर्गत रोध १ कोटी ओहम असतो, त्यामुळे तो जेमतेम एक मायक्रोअँपियर ओढतो. आता वाटेत एखादा हिरवा पडलेला जोड आहे आणि त्याचा रोध अर्धा ओहम आहे असं धरा. मायक्रोअँपियरला अर्धा ओहम जाणवतसुद्धा नाही, म्हणून आकडा पूर्ण दिसतो. पण पंप फिरताना ५ अँपियर ओढतो. ५ गुणिले अर्धा, म्हणजे अडीच व्होल्ट त्या जोडातच संपतात आणि पंपाला १०.१ उरतात. शिवाय तिथे साडेबारा वॉट उष्णता तयार होते. फ्यूजचा होल्डर वितळलेला दिसतो तो यामुळे.

कमी व्होल्टवर पंप काय करतो, हे लक्षात ठेवा, कारण लक्षणं भलतीकडे बोट दाखवतात. तो हळू फिरतो, धार बारीक येते, म्हणून डायफ्राम फाटल्यासारखा वाटतो. स्विचच्या बंद होण्याच्या दाबापर्यंत, म्हणजे पुष्कळ पंपांवर ४० पीएसआय किंवा २.८ बारपर्यंत, तो पोचतच नाही. मग नळ बंद केला तरी घरघरत राहतो, म्हणून स्विच बिघडल्यासारखा वाटतो. मोटर तापते, आतलं तापमानाचं संरक्षण असेल तर ती मधेच थांबते आणि थंड झाली की पुन्हा चालते, म्हणून मोटर गेल्यासारखी वाटते. तीन वेगवेगळे आजार दिसतात, आणि मूळ असतो एक गंजलेला जोड.

म्हणून मोजायचं ते पंप फिरत असताना. वायर सोडू नका. नळ पूर्ण उघडा, पंप चालू द्या आणि पंपाच्या लाल व काळ्या वायरवर आकडा घ्या. त्याच वेळी दुसऱ्याला बॅटरीच्या टोकांवर आकडा घ्यायला सांगा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा फारसा फरक नसावा. एक व्होल्टाच्या वर गेला तर पंपाला हात लावायचा नाही, वाट शोधायची.

वाट शोधायला मल्टिमीटरच्या एका टोकाला काही मीटर वायर जोडून लांब करा. ते टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर पक्कं धरा. पंप चालू ठेवून दुसरं टोक एकेका ठिकाणी टेकवत जा: ब्रेकरच्या आधी, ब्रेकरनंतर, फ्यूजच्या आधी, नंतर, मधला जोड, पंपाची लाल वायर. आकडा जिथे एकदम उडी मारतो, तिथे चोर. धड जोडावर व्होल्टाचा दहावा हिस्साही जाता कामा नये. मग हेच निगेटिव्हच्या बाजूने करा. ही बाजू निम्मे लोक विसरतात, आणि बिल्जजवळून, म्हणजे बोटीच्या तळाशी पाणी साचतं तिथून, जाणारी काळी वायर ओलीत सडलेली असते.

मोटर मुळीच फिरत नसेल तर पंपाच्या जागी ५५ वॉटचा गाडीच्या दिव्याचा बल्ब जोडून हीच मोजणी करा. तो साडेचार अँपियरच्या आसपास ओढतो, पंपाच्या जवळपास. बल्ब लख्ख पेटला आणि व्होल्ट टिकले, तर आता पंपाला दोष द्या.

गंजलेली क्रिंप (वायरवर दाबून बसवलेला जोड) घासून पुन्हा वापरू नका. गंज आत तारेत चढलेला असतो. काळी पडलेली तार कापत मागे जा, चकचकीत तांबं लागेपर्यंत, आणि कलई केलेल्या वायरने, गोंद असलेल्या उष्णतेने आवळणाऱ्या नळीसह नवा जोड करा. जोड सगळे धड असूनही व्होल्ट कमी पडत असतील तर वायर बारीक आहे. दीड चौरस मिलिमीटरची वायर जायला-यायला मिळून १२ मीटर असेल, तर ७ अँपियरला तिच्यातच एक व्होल्ट जातो. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणारे उस्ताद भेटतील. त्यांचं ऐकू नका. पंपावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा मोठा फ्यूज म्हणजे आगीला आमंत्रण.

एवढं वाचून घाबरायला नको. वीज ठीक निघाली तर उरलेला भाग खरंच सोपा आहे.

मोटर फिरते पण पाणी येत नाही, किंवा थुंकत येतं: हवा शिरतेय. ओढण्याच्या बाजूची गळती बाहेर थेंब टाकत नाही, ती आत हवा घेते, म्हणून कोरडा दिसणारा जोड निर्दोष समजू नका. पहिला संशय गाळणीच्या झाकणाच्या ओ-रिंगवर, दुसरा होजच्या क्लिपवर. दोन टाक्या असतील आणि रिकाम्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल, तर पंप भरलेली टाकी सोडून हवा ओढत बसतो. बोट कललेली असताना कमी पाण्याच्या टाकीतही हेच होतं. शंका मिटवायची तर पंपाच्या तोंडाला आखूड होज लावून ती बादलीत सोडा. बादलीतून पाणी धडाधड आलं तर पंप निर्दोष आहे, दोष टाकी ते पंप या वाटेत. नाही आलं तर पंपाचं डोकं उघडा: व्हॉल्व्हच्या रबरी पाकळीत अडकलेला प्लॅस्टिकचा एक किस पुरेसा असतो. गाळणी न बसवता पंप जोडणाऱ्यांच्या वाट्याला हे हमखास येतं.

टाकीची हवेची नळी तुंबली असेल तर पाणी आधी नीट येतं आणि हळूहळू मरतं. टाकीचं झाकण सैल करा. सुस्कारा ऐकू आला आणि धार सुधारली, तर उत्तर मिळालं.

सगळे नळ बंद असताना पंप अधूनमधून आपोआप गुरगुरतो, याकडे कानाडोळा करू नका. एकतर दाबाच्या बाजूला गळती आहे, नाहीतर पंपाचा आतला व्हॉल्व्ह पाणी उलट सोडतोय. पंपानंतर बंद करता येणारा व्हॉल्व्ह असेल तर तो बंद करा. तरीही गुरगुरला तर पंप दोषी, थांबला तर पुढची नळवाट तपासा. वॉटर हीटरचा सेफ्टी व्हॉल्व्ह त्यात आधी बघा, कारण त्याचं पाणी गुपचूप बिल्जमध्ये जातं. एक सुटलेला जोड पूर्ण टाकी बिल्जमध्ये ओतू शकतो, म्हणून बोट सोडताना आणि झोपताना पंपाचा ब्रेकर खाली. यात सवलत नाही.

नळ किंचित उघडल्यावर पंप टक-टक-टक चालू-बंद होत असेल तर नळाच्या तोंडाची जाळी साफ करा आणि अ‍ॅक्युम्युलेटर बघा. पंप बंद, नळ उघडा, दाब शून्य, मगच हवा मोजा. पंप चालू होण्याच्या दाबापेक्षा ती सुमारे २ पीएसआय कमी असावी. हवेच्या व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर पाणी आलं तर आतला फुगा फाटलाय. प्रेशर स्विचचा स्क्रू पिळून हे बरं करायचा मोह टाळा, जुने होज त्याची शिक्षा भोगतात.

जोडताना दोन गोष्टी. ओ-रिंगवर बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या फिटिंगला टेफ्लॉन टेप लावू नका, हाताने आवळा. आणि पंपाच्या दोन्ही तोंडांना अर्धा-अर्धा मीटर लवचीक होज ठेवा, नाहीतर कंप कडक नळीत जाऊन जोड सैल होतात. सुट्या सामानात प्रेशर स्विच, व्हॉल्व्ह आणि डायफ्रामचा संच, गाळणीची ओ-रिंग, फ्यूज आणि चार क्लिपा असू द्या. ओट्याखाली पायाने चालणारा पंप वेगळ्या वाटेने टाकीला जोडलेला असेल, तर हे सगळं शांतपणे करता येतं.