पिकअपच्या पॉवर स्टिअरिंगमधील तेलगळती कशी शोधावी

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाची खेप उतरवून गगनबावड्याच्या घाटाला लागण्यापूर्वी बॉनेट उघडून पॉवर स्टिअरिंगच्या टाकीतील पातळी पाहावी. ती वारंवार खाली जात असेल, तर केवळ तेल ओतत राहणे धोक्याचे आहे, कारण तापलेल्या सायलेन्सरवर तेल पडल्यास आग लागू शकते.

प्रथम पंप, पाइप आणि रॅक (पुढची चाके वळवणारी दांड्याची यंत्रणा) स्वच्छ पुसून कोरडे करावेत. मग इंजिन सुरू ठेवून सहकाऱ्याला स्टिअरिंग दोन्ही बाजूंना सावकाश फिरवायला सांगावे. मात्र ते टोकाला नेऊन धरून ठेवू नये, कारण तेथे दाब सर्वाधिक होतो आणि पंपावर ताण येतो. तेल पाझरताना सर्वांत वर जिथे ओले दिसते, तेथेच बहुधा मूळ असते, कारण खालचे थेंब ओघळून आलेले असतात. उच्च दाबाच्या पाइपजवळ हात मुळीच नेऊ नये. बारीक धार त्वचेत घुसते.

टाकीकडे तेल परत नेणाऱ्या पाइपची क्लिप सैल असल्यास ती बदलणे स्वस्तात होते. पंपाच्या पुलीमागे (पट्ट्याने फिरणाऱ्या चाकामागे) ओल असल्यास पंपाचे सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, तर रॅकच्या टोकावरील रबरी बूटमध्ये (आवरणात) तेल साचल्यास रॅकचे सील निकामी झालेले असते. हे काम उद्यमनगरातील जाणत्या मेस्त्रींकडेच सोपवावे. टाकीत फेस दिसल्यास पंपाकडे येणाऱ्या पाइपमधून हवा शिरत असल्याची शक्यता तपासावी.

तेल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच वापरावे. ब्रेक ऑइल कधीही ओतू नये, त्याने सील फुगून खराब होतात.