बंपरला फॉग लाइट लावताय? गोव्यात तरी या चुका टाळा

पाऊस जवळ आला की लोकांना फॉग लाइट आठवतात, त्यातही ज्यांना चोर्ला नाहीतर अनमोड घाटातून बेळगावकडे ये-जा करावी लागते त्यांना जास्तच. मग कुठल्या कंपनीचा घ्यायचा, पिवळा की पांढरा, यावर तासभर चर्चा. पण खरं सांगायचं तर आपल्या हवेत लाइटच्या आधी वायरिंग जाते, आणि वायरिंगमध्ये पहिला बळी अर्थचा, म्हणजे लाइटची मायनस वायर गाडीच्या पत्र्याला जोडतो त्या जोडाचा.

ही काळी मायनस वायर दिसेल त्या रंगवलेल्या बोल्टखाली दाबून मोकळं व्हायचं, ही सगळ्यात कॉमन चूक. रंगातून करंट जात नाही, बोल्टच्या आट्यांतून थोडाफार मिळतो म्हणून त्या दिवशी लाइट मस्त लागतो, मग खारा वारा आणि एक पावसाळा खाल्ला की तिथे गंज धरतो आणि लाइट मंद होतो, लुकलुकायला लागतो, आणि आपण शिव्या घालतो लाइटवाल्याला. पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत करा, वायरच्या टोकाला थिंबल (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) दाबून बसवा, घट्ट आवळा, वरून ग्रीस थापा. शंका असेल तर लाइट चालू ठेवून मल्टीमीटर बॅटरीच्या मायनसला आणि लाइटच्या मायनसला लावा, आकडा जवळपास शून्य हवा, अर्धा व्होल्ट दाखवला तर अर्थ परत करा.

दुसरी चूक रिलेचे पैसे वाचवण्याची. रिले म्हणजे स्विचच्या छोट्या करंटवर लाइटचा मोठा करंट चालू-बंद करणारी डबी. 55 वॉटचे दोन हॅलोजन म्हणजे 110 वॉट, 12 व्होल्टवर 9 अँपियरपेक्षा जास्त, एवढा लोड छोट्या स्विचमधून नेला की स्विच तापून वितळतो. रिलेच्या 30 नंबरच्या पिनला बॅटरीचा प्लस फ्यूजमधून, 87 वरून लाइट, 86 ला स्विचची वायर, 85 ला अर्थ. हॅलोजनला 15 अँपियरचा फ्यूज, 20-20 वॉटच्या एलईडी जोडीला साडेसातचा पुरे. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच बसवा, कारण बॅटरी ते फ्यूज या मधल्या वायरला कोणी राखणदार नसतो. आणि फ्यूज उडतो म्हणून 30 अँपियरचा टाकणारे महाभाग आहेत, त्यांच्या गाडीत मग वायर जळते.

86 चा सप्लाय थेट बॅटरीवरून घेऊ नका, लाइट चालू राहिला की सकाळी बॅटरी बसलेली, पार्किंग लाइटच्या लाइनवरून घ्या. त्यासाठी ओरिजिनल हार्नेस (कंपनीच्या वायरिंगचा जुडगा) सोलून टेप गुंडाळायची मात्र नाही, वॉरंटीला तेवढं निमित्त पुरतं. काही गाड्यांच्या खालच्या व्हेरियंटलाही बंपरमागे फॉगचा कपलर (वायर जोडायचा प्लग) तयार असतो, आधी तो शोधा!

बंपर काढायच्या आधी बॅटरीचा मायनस सोडवून थोडा वेळ थांबा, बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचा पुढचा सेन्सर तिथेच जवळ असतो.

पाण्याचं बघायचं तर साधी काळी टेप इंजिनच्या उष्णतेने सुटते, श्रिंक स्लीव (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) वापरा, आणि कपलरच्या आधी वायरला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जातं. काचेत वाफ दिसते म्हणून लाइटच्या मागचं हवेचं छिद्र सिलिकॉनने बुजवतात, मग आतली वाफ आतच राहते आणि रिफ्लेक्टर काळा पडतो.

लावूनही लागत नसेल तर आधी कान द्या. रिले टिक वाजतो पण उजेड नाही, तर 87 वर टेस्टर लावा, तिथे करंट असेल तर पुढची वायर किंवा लाइटचा अर्थ बघा, नसेल तर 30 ची बाजू आणि तिचा फ्यूज. टिकच नाही तर स्विच किंवा 85-86. एकच लाइट बंद असेल तर त्या बाजूचा बल्ब, कपलर किंवा अर्थ. फ्यूज लगेच उडतो तेव्हा बहुतेक बंपर परत बसवताना ब्रॅकेटखाली वायर चिमटलेली असते. एलईडी लावल्यावर एफएमवर खरखर आली तर एलईडीचा ड्रायव्हर (तिला करंट पुरवणारं सर्किट) स्वस्तातला आहे, त्यावर वायरिंग बदलून फार उपयोग नाही.

उजेडाची पट्टी लाइटच्या उंचीपेक्षा खालीच पडायला हवी, भिंतीसमोर साताठ मीटरवर गाडी उभी करून चारेक बोटं खाली सेट करा, नाहीतर घाटात समोरचा आंधळा होतो. रंग पांढरा किंवा पिवळा, निळे-लाल नकोच. आणि लाइट लावायला जागा हवी म्हणून बंपरपुढे लोखंडी गार्ड बसवायचा विचार असेल तर सोडा, केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलंय.